रिकाम्या प्लॉटवरची रुई : फूल, चीक आणि आपले डोळे

मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? बरं, मग सुरुवात करू.

टेबलावर ही जी फांदी दिसते आहे, ती आम्ही आज सकाळी वर्धा रोडकडच्या एका रिकाम्या प्लॉटवरून आणली. तिच्या कापलेल्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलंय आणि आमच्या हातात मोजे आहेत. मोजे कशासाठी, ते शेवटाकडे सांगतो, कारण आजच्या बोलण्यातली सगळ्यांत कामाची गोष्ट तीच आहे. व्याख्यान संपलं की फांदी जवळून पाहायला जरूर या. फक्त हात लावू नका.

ही रुई. आता नागपुरात रुई म्हटलं की अर्ध्या लोकांच्या डोळ्यांपुढे कापूस येतो. साहजिक आहे. सरकी काढून उरतो तो कापूस म्हणजे रुई, आणि त्या रुईच्या गाठींवर या शहराची एक अख्खी पिढी पोसली गेली. जमशेदजी टाटांनी १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू केली ती याच शहरात. पण आपण आज बोलतोय ते त्या रुईबद्दल नाही. हे वेगळं झुडूप आहे. याला मांदार म्हणतात, संस्कृतात अर्क म्हणतात, हिंदी बोलणारे शेजारी आक किंवा मदार म्हणतात. दोघांनाही एकच नाव का पडलं असावं, याचा अंदाज पुढे याच्या बिया पाहिल्या की येईल.

रुई आपण रोज पाहतो. लेआउटमधल्या मोकळ्या जागा, रेल्वेरुळांच्या कडा, नाल्यांचे काठ, बांधकामाच्या मलब्याचे ढीग, कुठेही ती उगवते. कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही. आणि शनिवार आला की मारुतीच्या देवळाबाहेर तिच्याच पानांच्या माळा विकायला असतात. म्हणजे एरवी कचऱ्यातलं झाड आणि शनिवारी देवाच्या गळ्यात. या दोन्हींच्या मधे झाड म्हणून ती कशी आहे, हे पाहायचं राहून जातं. ते आज पाहू.

एक नाही, दोन

आपल्याकडे रुईच्या दोन जाती आहेत. एक कॅलोट्रोपिस जायगँटिया, दुसरी कॅलोट्रोपिस प्रोसेरा. त्या ओळखायला फुलाच्या पाकळ्या पाहायच्या. पाकळ्या पूर्ण पसरलेल्या, बाहेरच्या बाजूला वळलेल्या असतील तर ती जायगँटिया. पाकळ्या वाटीसारख्या उभ्या आणि टोकांना गडद जांभळा डाग असेल तर ती प्रोसेरा. कळ्यांवरूनही कळतं. पहिलीची कळी लांबट, दुसरीची गोलसर.

जायगँटियाची फुलं बहुतेक फिकट जांभळी असतात, पण काही झाडांना पूर्ण पांढरी येतात. हीच ती पांढरी रुई, जिच्या मुळात गणपती असतो अशी लोकांची श्रद्धा आहे आणि जी त्यापायी मुळासकट उपटली जाते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं पांढरी रुई ही वेगळी जात नाही. एकाच जातीतला रंगाचा फरक आहे, एवढंच.

कॅलोट्रोपिस हे नाव रॉबर्ट ब्राउन या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञानं दिलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ होतो सुंदर नाळ. नाळ म्हणजे जहाजाच्या तळाचा कणा. फुलाच्या मधोमध जो पाच कण्यांचा मुकुट दिसतो, त्यावरून हे नाव. पूर्वी या झाडाचं स्वतंत्र रुई कुल मानत असत. आता ते करवीर कुलात, म्हणजे कण्हेरीच्या कुलात समाविष्ट केलेलं आहे.

मे महिन्यात हिरवी कशी राहते?

नागपूरचा मे महिना आपल्याला सांगायला नको. पारा ४५ अंशांच्या वर जातो, मोकळ्या प्लॉटवरचं गवत वाळून पिवळं पडतं, आणि तिथेच रुई हिरवीगार उभी असते. ती हे कसं करते?

पान पाहा. जाड, मांसल, देठ जवळजवळ नाहीच. पानाचा तळ हृदयाच्या आकाराचा आणि तो खोडाला बिलगलेला. पानं समोरासमोर जोडीनं येतात आणि प्रत्येक पुढची जोडी आधीच्या जोडीला काटकोनात असते. त्यामुळे खालच्या पानावर वरच्या पानाची सावली कमी पडते. कोवळ्या पानावर पांढरी भुकटी लावल्यासारखं दिसतं. बोट फिरवलं तर ती निघून येते. यात बारीक लव असते आणि मेणाचा थर असतो. ऊन थोडं परत फेकलं जातं आणि पाणी कमी उडतं. खाली मूळ खोल जातं. वरून झुडूप कापलं तरी ते मुळापासून पुन्हा फुटतं, हे ज्यांनी प्लॉट साफ करून घेतलाय त्यांना चांगलंच माहीत असेल.

आणि एक कारण म्हणजे चीक. गाय-बैल याला तोंड लावत नाहीत. सगळं रान वाळलेलं असताना एकटं झाड हिरवं राहायचं, तर त्याला कुणी खाऊ नये याचीही सोय लागतेच.

फुलातलं कुलूप

आता फूल. वनस्पतींच्या जगातल्या सर्वांत गुंतागुंतीच्या फुलांपैकी हे एक आहे, आणि ते आपल्या घरामागे फुलतंय.

साधं फूल आठवा, जास्वंद घ्या. मधला दांडा, त्यावर पिवळी पूड, ती पूड म्हणजे परागकण. किडा आला, पूड अंगाला लागली, दुसऱ्या फुलावर गेला, काम झालं. रुईत अशी सुटी पूड नाहीच. इथे पुंकेसर आणि मधली कुक्षी एकत्र जुळून एक जाड खांब झालाय. खांबाचा माथा पंचकोनी आणि सपाट. खांबाला चिकटून पाच मांसल कणे, तोच मुकुट. प्रत्येक कण्याच्या तळाशी शेपटीसारखा वळलेला भाग असतो, आणि मध तिथे खाली मिळतो.

पंचकोनाच्या पाचही कोपऱ्यांवर एकेक बारीक गडद ठिपका आहे. भिंग असेल तर छान दिसतो. या ठिपक्याखाली एक उभी फट असते. आम्ही आता सुईच्या टोकानं हा ठिपका हलकेच उचलतो. पाहा, त्याच्याबरोबर दोन पिवळ्या, चपट्या थैल्या बाहेर आल्या. घोड्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंना गोण्या लोंबतात ना, तशा. या एकेका थैलीत परागकण ठासून भरलेले आहेत. याला परागपुंज म्हणतात. एका फुलात असे दहा पुंज, पाच जोड्यांत. गंमत अशी की जोडीतल्या दोन थैल्या एकाच पुंकेसराच्या नसतात. एक उजवीकडच्या शेजाऱ्याची, दुसरी डावीकडच्या शेजाऱ्याची.

तो ठिपका म्हणजे चिमटा आहे. मोठा काळा भुंगा, जो लाकडात भोक पाडून राहतो तो, फुलाला धरून मध प्यायला लागतो. पाय सावरताना त्याच्या पायाचा केस किंवा नखी त्या फटीत शिरते. फट खाली रुंद आणि वर अरुंद. पाय वर ओढला की तो थेट चिमट्यात जातो. भुंगा जोर लावून पाय सोडवतो आणि थैल्यांची जोडी घेऊन उडतो. पुढच्या फुलावर तसाच पाय फटीत गेला की या वेळी थैली आत अडकते, तुटते आणि तिथेच राहते. फटीच्या आत कुक्षीचा परागकण स्वीकारणारा भाग असतो. तिथे परागकण रुजतात.

म्हणजे याला अंगात ताकद असलेला कीटकच लागतो. या कुलातल्या फुलांत लहान माश्या पाय अडकून मरूनही जातात. झाडावर एवढी फुलं दिसतात आणि फळं मोजकीच, त्याचं एक मोठं कारण हेच. थैली नेमक्या फटीत, नेमक्या पद्धतीनं जायला हवी. पण एकदा ती गेली, की एका थैलीतले परागकण अख्ख्या फळातल्या बियांना पुरतात. सोडत क्वचित लागते, पण लागली की मोठी लागते.

इथे थोडं विषयांतर. ब्राउनसाहेबांनी १८३१ साली लंडनच्या लिनियन सोसायटीत एक निबंध वाचला. विषय होता ऑर्किड आणि रुईचं कुल यांच्यात फलन कसं होतं. दोन्हींत पराग थैल्यांत असतात, म्हणून दोन्ही एकत्र घेतली. सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना प्रत्येक पेशीत एक गोलसर ठिपका दिसतो, असं त्यांनी नोंदवलं आणि त्याला नाव दिलं. तेच आपण शाळेत शिकलेलं पेशीचं केंद्रक. केंद्रकाचं नामकरण झालं ते रुईच्या कुलावरच्या निबंधात, हे शाळेत सहसा कुणी सांगत नाही.

म्हातारी आणि कापूस

एका फुलात दोन सुटे अंडाशय असतात, म्हणून फळंही जोडीनं यायला हवीत. पण बरेचदा एकच वाढतं. कैरीसारखं फुगलेलं, हिरवं, आत बऱ्यापैकी पोकळ. वाळलं की ते एका बाजूनं उभं उकलतं. अशा फळाला पेटिका फळ म्हणतात. आत चपट्या तपकिरी बिया माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक रचलेल्या, आणि प्रत्येक बीच्या एका टोकाला रेशमी केसांचा झुपका. वारा आला की झुपका छत्रीसारखा उघडतो. लहानपणी आपण तिच्यामागे पळायचो, ती ही म्हातारी.

हे केस पाहिले की कापसाची आणि या झाडाची नावं एकमेकांत का मिसळली असतील ते लक्षात येतं. दिसायला सारखेच पांढरे, मऊ. मग याचं सूत का काढत नाहीत? कापसाचा तंतू ही बीच्या सालीवरची एकच लांबलेली पेशी असते. बोंड फुटून ती सुकली की चपटी होते आणि स्वतःभोवती पिळली जाते. या पिळांमुळे तंतू एकमेकांना धरून ठेवतात आणि सूत निघतं. रुईचा केसही एकच पेशी आहे, पण तो सरळ, गुळगुळीत, आतून पोकळ आणि ठिसूळ. एकमेकांवरून घसरतो. म्हणून तो नुसता उशीत भरायला बरा. पोकळ आणि मेणचट असल्यामुळे पाणी त्याला धरत नाही, तेल मात्र धरतं. खोडाच्या सालीतला वाख मात्र वेगळा. तो चांगला चिवट असतो आणि पूर्वी त्याच्या दोऱ्या, धनुष्याच्या दोऱ्या वळत असत.

चीक म्हणजे काय?

आता मोज्यांकडे येऊ. पान तोडलं की पांढरा चीक टपटप गळतो. हा झाडाचा रस नव्हे, म्हणजे मुळातून पानात पाणी नेणारा तो रस वेगळा. चिकासाठी वेगळ्या नळ्या आहेत. बीजातल्याच काही पेशी झाडाबरोबर वाढत, फांद्या फुटत, अंगभर पसरतात. त्यांत चीक दाबानं भरलेला असतो, म्हणून जखम झाली की तो उसळून बाहेर येतो. हवेत घट्ट होतो, किड्याचं तोंड चिकटवून टाकतो. शिवाय त्यात प्रथिनं तोडणारी विकरं असतात आणि हृदयावर परिणाम करणारी विषं असतात. आयुर्वेदानं अर्काला उपविषांत धरलंय, ते उगाच नाही.

हे विष नेमकं कुठे काम करतं, ते नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आपल्या प्रत्येक पेशीच्या कातडीत एक पंप असतो. तो सोडियम बाहेर फेकतो आणि पोटॅशियम आत घेतो. दर फेरीला तीन बाहेर, दोन आत. डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी तो १९५७ साली दाखवून दिला आणि त्यासाठी त्यांना १९९७ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हृदयाचे ठोके, मज्जातंतूंचे संदेश, सगळं या पंपावर चालतं. रुईच्या चिकातलं विष या पंपाला जाऊन चिकटतं आणि तो बंद पाडतं.

मग रुईवर प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या कशा जगतात? तुम्ही पाहिल्या असतील, काळे-पांढरे-पिवळे पट्टे आणि पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. ही अळी पान खाण्याआधी त्याची शीर कुरतडते, म्हणजे पुढे चीक कमी येतो. या फुलपाखराची अमेरिकेतली चुलत बहीण म्हणजे मोनार्क. तिच्या अळ्या रुईच्याच नात्यातल्या झाडांवर वाढतात. शास्त्रज्ञांनी मोनार्कचा पंप तपासला तेव्हा त्यातल्या साधारण हजार अमिनो आम्लांच्या साखळीत १२२व्या जागी एक अमिनो आम्ल बदललेलं आढळलं. तेवढ्या बदलानं विषाची पकड सुटते. असं विष अंगात साठवणारी फुलपाखरं पक्ष्यांना कडू लागतात. प्लेन टायगरला पक्षी इतके टाळतात, की डॅनाइड एगफ्लाय या दुसऱ्याच फुलपाखराच्या मादीनं हुबेहूब तिचं रूप घेतलंय. पिवळ्या-निळ्या रंगाचा तो जाडजूड टोळ रुईवर बसलेला दिसतो, त्याचंही जेवण हेच. त्याला छेडलं तर तो घाण वासाचा द्रव उडवतो. त्याला लपायची गरजच वाटत नाही.

आणि आपले डोळे

आपला पंप मात्र बदललेला नाही. आणि तो शरीरात एका फार नाजूक ठिकाणी अखंड चालू असतो. बुबुळापुढची जी पारदर्शक काच आहे, म्हणजे कॉर्निया, तिच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच पातळ थर असतो. कॉर्नियात झिरपणारं पाणी या पेशी पंपाच्या जोरावर सतत बाहेर काढतात. पाणी बाहेर, म्हणून काच स्वच्छ. पंप थांबला की कॉर्निया पाण्यानं फुगतो आणि धुरकट होतो.

रुईचा चीक डोळ्यात गेला की तो कॉर्नियातून आत झिरपून याच थरापर्यंत पोचतो. माणसाला धूसर दिसायला लागतं, दिव्याभोवती वलयं दिसतात, डोळा लाल होतो. आणि यातली फसवी गोष्ट ऐका. दुखतं फार कमी. चिकामुळे डोळा बधिर होतो. चुना गेला, मिरची गेली, तर माणूस ओरडत नळाकडे धावतो. इथे तो म्हणतो, बघू संध्याकाळी, थोडं धूसरच तर आहे. तोवर नुकसान होत राहतं.

डॉक्टरांनी नोंदवलेल्या अशा घटना पाहिल्या तर त्या अगदी घरगुती असतात. पूजेसाठी पानं-फुलं तोडली आणि त्याच हातानं डोळा चोळला. फांदी तोडताना चीक उडाला. काटा रुतला म्हणून चीक लावला आणि बोट डोळ्याला लागलं. मुलं रुईच्या कळ्या फट् करून फोडतात, तो खेळ तर आपल्यातल्या अनेकांनी खेळलाय. वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेकांची दृष्टी परत येते. पण आतल्या थरातल्या ज्या पेशी मेल्या त्या मोठ्या माणसात पुन्हा तयार होत नाहीत. शेजारच्या पेशी पसरून जागा भरतात, पुंजी मात्र कमी झालेली असते.

म्हणून एवढं लक्षात ठेवा. चीक डोळ्यात गेला, किंवा गेल्याची नुसती शंका आली, तरी लगेच स्वच्छ वाहत्या पाण्यानं डोळा पंधरा-वीस मिनिटं धुवायचा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढायची. मग दुखत असो वा नसो, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं आणि रुईचा चीक गेला असं स्पष्ट सांगायचं. दूध, तूप, गुलाबपाणी, घरात उरलेले थेंब, यातलं काहीही घालायचं नाही. रथसप्तमीला अंघोळीसाठी रुईची पानं आणता, शनिवारी माळ घेता, जरूर घ्या. फक्त नंतर साबणानं हात धुवा आणि तोवर डोळ्याला हात नको. माळा ओवणाऱ्या बायका दिवसभर हे काम करतात. त्यांच्याशी बोलाल तेव्हा त्यांनाही हे सांगा.

मग तोडायची का?

हा प्रश्न शेवटी हमखास येतो, म्हणून आम्हीच उत्तर देऊन ठेवतो. शाळेच्या फाटकाशी, मुलांच्या खेळण्याच्या जागेत असेल तर काढा. काढताना मोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवा. तिथे नसेल तर राहू द्या. प्लेन टायगरची अळी आंब्या-पेरूच्या पानावर जगत नाही. तिला रुई किंवा तिच्या नात्यातलीच झाडं लागतात. लेआउटमधला शेवटचा रिकामा प्लॉट साफ झाला की त्या भागातून फुलपाखरू का गेलं, याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. भुंग्याचंही तसंच. वाळकं लाकूड आणि बांबू त्याला घरासाठी हवेत, आणि भर उन्हाळ्यात मध देणारी फुलं फार थोडी असतात.

जगात रुईची वागणूक सगळीकडे सारखी नाही, हेही सांगायला हवं. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात प्रोसेरा हे त्रासदायक तण झालंय. हवाई बेटांवर जायगँटियाच्या फुलांचे हार करतात आणि तिथली शेवटची राणी लिलिउओकलानी यांना ही फुलं फार प्रिय होती. आपल्याकडे मात्र ती इथलीच आहे. तिचे भुंगे, तिचे टोळ, तिची फुलपाखरं, सगळं तिच्याबरोबर आहे.

या आठवड्यात एक करा. घराजवळ रुई शोधा, सकाळच्या वेळी पाच-दहा मिनिटं जरा अंतरावर उभे राहा आणि भुंग्याची वाट पाहा. तो फुलावर उतरला की त्याच्या पायांकडे लक्ष द्या. पिवळ्या थैल्या दिसल्या तर समजा, आज जे बोललो ते तुम्ही स्वतः पाहिलंत. बरोबर मुलं असतील तर त्यांना आधी चिकाचं सांगा, मग फूल दाखवा.

आता फांदी पाहायला या. रांगेनं या, घाई नाही.